पाठमोरा थांबा

दिवाळी अंकात उन्हाळ्यावर लिहायचं म्हणजे फराळाच्या ताटात ताक वाढण्यासारखं आहे. पण माझी सगळी नोकरी उन्हातच गेली, तीही पंख्याखाली बसून, त्यामुळं दुसरं काही मला लिहिता येणार नाही.

नोकरीत काय केलं असं कुणी विचारलं की मी सांगते, रेघा मारल्या. ऐकणाऱ्याला वाटतं बाई विनय दाखवतेय. विनय माझ्या स्वभावात नाही, घरच्यांना विचारा. मी खरोखरच रेघा मारल्या. माझ्या पदाचं नाव होतं ‘अनुरेखक’. साहेबांनी पेन्सिलीनं काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद ताणून बसवायचा आणि खालची रेघ न् रेघ शाईनं वर उतरवायची, हे आमचं काम. मधेच शिंक आली की शाई पसरायची, मग दाढीच्या ब्लेडनं ती अलगद खरवडायची. आमच्या घरी ब्लेडची पाकिटं माझ्यासाठी यायची आणि माझं वापरून झालेलं मिस्टरांच्या वाट्याला जायचं. त्या शाईच्या कागदावरून मग अमोनियाच्या मशीनवर जांभळ्या रेघांच्या प्रती निघायच्या. त्या वासानं डोळ्यांना धारा लागायच्या. नवीन माणसाला वाटायचं, ऑफिसात कुणीतरी गेलं.

ऑफिसचं नाव इथं लिहीत नाही. पेन्शन अजून तिथूनच येते, आणि मला भांडायला आवडत असलं तरी पेन्शनशी नाही. रस्ते, फुटपाथ, बसथांबे आणि रस्त्याकडेची झाडं यांचे नकाशे आमच्याकडं व्हायचे, एवढं कळलं तरी पुरे. तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं. ऊन आजच्यासारखंच होतं, फक्त झाडं जास्त होती.

आमचे मुख्य आरेखक सय्यद साहेब. त्यांचे वडील निजामाच्या काळात जमिनीच्या मोजणीवर होते, पोलीस ॲक्शननंतरही इथंच राहिले आणि त्याच कामात राहिले. सय्यद साहेबांना उत्तर दिशेचं जे वेड होतं ते वडिलांकडून आलेलं. कुठलाही नकाशा समोर ठेवला की ते आधी कोपऱ्यात बाण शोधायचे. उत्तर दाखवणारा बाण. तो नसला की कागद परत.

“शेळके बाई, उत्तर कुठंय?”

“साहेब, हा बाकाचा नकाशा आहे. बसायच्या बाकाला उत्तर कशाला?”

“बाक क्या हवा में ठेवणार? जमिनीवरच ठेवणार ना? मग जमिनीला उत्तर हाय. काढा बाण.”

मी बाण काढायची. बाकाला काढला, कचराकुंडीला काढला, एकदा तर गटाराच्या झाकणाला काढला. आमच्या ऑफिसातून बाणाशिवाय एकही कागद बाहेर गेला नाही. दुसऱ्या विभागातले लोक हसायचे. हसू द्या म्हणायचे साहेब.

सावलीचं शास्त्रही मला त्यांनीच शिकवलं, आणि ते अगदी सोपं आहे. लोकांना वाटतं, वर काहीतरी असलं की झाली सावली. आपल्याकडं मे महिन्यात भर दुपारी बाराला ऊन सरळ डोक्यावर असतं. आपलीच सावली आपल्या पायाखाली सापडत नाही. तेव्हा एवढंसं छत असलं तरी भागतं. पण अंगाची लाही होते ती त्या वेळी नाही. तीनच्या पुढं ऊन पश्चिमेकडं कलतं आणि तिरपं होऊन छताच्या खालून आत येतं. डांबर तोवर सकाळपासून तापलेलं असतं, ते खालून भाजतं. अशा वेळी वरचं छत बघत राहतं. कामाला येते ती पश्चिमेची भिंत, नाहीतर पश्चिमेचं झाड. रस्त्यावर उन्हाळा सुसह्य करायचा तर आधी उत्तर कुठं ते बघा, मग पश्चिम आपोआप सापडते. एवढंच ते शास्त्र.

हे दुकानदारांना आमच्या आधी कळतं. शहागंजात एक कापडवाले शेठ होते. त्यांचं दुकान रस्त्याच्या पूर्वेला, म्हणजे तोंड पश्चिमेकडं. समोरच्या लाइनीला दुपारनंतर तिच्याच इमारतींची सावली मिळायची आणि शेठच्या दुकानात ऊन थेट गादीवर येऊन बसायचं. ते आमच्या ऑफिसात तावातावानं आले.

“तीन बजे के बाद सगळी गिऱ्हाइकं समोर. आमच्याकडं नुसती माशा. ये कैसा इन्साफ? रस्ता सरकारी हाय तर सावली बी दोन्हीकडं सारखी पायजे.”

मी त्यांना कागदावर ऊन कसं फिरतं ते दाखवलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, “समझ गया. अब रस्ता फिरवा.”

रस्ता फिरवता आला नाही, पण फुटपाथवर झाड देता आलं. झाड जोमानं वाढलं. काही वर्षांनी शेठ पुन्हा हजर. झाडानं पाटी झाकली म्हणे, तोडा. सय्यद साहेबांनी त्यांना चहा पाजला आणि विचारलं, “शेठ, पाटी वाचायला गिऱ्हाईक आधी थांबायला पायजे का नको? वो किधर थांबता? झाडाखालीच ना?” शेठनं चहा संपवला आणि पाटी खाली घेतली. असे दिवस आले की घरी जाताना मी गुणगुणत जायची.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले त्या थांब्याकडं येते.

त्या काळी शहरात बसथांबा म्हणजे बहुतेक ठिकाणी नुसता खांब आणि त्यावर पत्र्याची पाटी. उन्हाळ्यात लोक त्या खांबाच्या सावलीत उभे राहायचे. खांबाची सावली किती, वीतभर रुंद. पण माणसं एकामागं एक अशी त्या पट्टीत उभी, आणि सावली सरकली की सगळी रांग पावलापावलानं सरकायची. लांबून बघणाऱ्याला वाटावं, केवढी शिस्त!

मग पक्के थांबे बांधायची योजना आली. तीन बाजूंना विटांची भिंत, वर स्लॅब, आत बाक, आणि रस्त्याकडची बाजू उघडी. सगळ्या थांब्यांना एकच नकाशा, ज्याला आम्ही नमुना नकाशा म्हणायचो. तो मूळ काढला गेला छावणीकडच्या एका थांब्यासाठी. तो थांबा रस्त्याच्या पश्चिमेला होता, त्यामुळं त्याची उघडी बाजू पूर्वेकडं. थांबा रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला असेल तर नकाशा फिरवून घ्यावा, अशी टीप खाली बारीक अक्षरात होती. आणि कोपऱ्यात, सांगायला नकोच, बाण.

मुकुंदवाडीच्या बाजूला उत्तरेकडून येऊन मोठ्या रस्त्याला मिळणारा एक रस्ता होता. तिथला थांबा रस्त्याच्या पूर्वेला. ठेकेदाराचा किसन मिस्तरी तिथं काम करायला गेला. किसन मिस्तरीनं जन्मभर घरं बांधलेली. घर बांधताना माणूस आधी दिशा बघतो, रस्ता नंतर. त्यानं प्रत उघडली, बाण बघितला, उत्तर धरली आणि नकाशात दिसत होतं तसं तोंड पूर्वेला ठेवून थांबा उभा केला. टीप नेमकी प्रतीच्या घडीवर आलेली, ती पुसट झाली होती. देखरेखीचा माणूस दुसऱ्या कामावर अडकलेला. तो परत येईपर्यंत स्लॅब पडला होता, प्लास्टर झालं होतं, आणि थांबा रस्त्याकडं पाठ करून उभा होता. बाकावर बसलं की समोर मोकळं मैदान दिसायचं, दोन बाभळी आणि चरणाऱ्या शेळ्या. रस्ता आणि बस पाठीमागच्या भिंतीपलीकडं.

किसन मिस्तरीला ऑफिसात बोलावलं. तो जराही डगमगला नाही. “कागदावर उत्तर दावली व्हती का नाय? दावली व्हती. मंग मी काय कागदापरीस शाना?”

सय्यद साहेब खिडकीबाहेर बघत राहिले. मला त्या दिवशी हसू आवरायला फार त्रास झाला.

आमचे उपअभियंता निकम साहेब मात्र हसण्याच्या मनःस्थितीत नव्हते. ते नुकतेच बढतीवर आले होते, आणि आल्या आल्या वर्तमानपत्रात थांब्याचा फोटो, वर ‘रुसलेला थांबा’ असा मथळा. जो येईल तो त्यांना विचारायचा, काय साहेब, रुसवा गेला का? माणूस कामाचा होता, सरळ होता, पण चेष्टा सोसायची सवय नव्हती. त्यांनी फर्मान काढलं, ठेकेदारानं थांबा पाडून स्वतःच्या खर्चानं पुन्हा बांधावा. ठेकेदारही तयार झाला. पाडायलाही नकाशा लागतो, म्हणून मोजमाप घ्यायला सय्यद साहेब आणि मी निघालो.

मे महिना होता आणि दुपारचे अडीच वाजून गेले होते. मला वाटलं, तिथं चिटपाखरू नसणार. जाऊन बघते तर थांबा माणसांनी भरलेला! बाकावर माणसं, खाली माणसं, आणि भिंतीची सावली पुढं मैदानात पसरलेली, तिथंही माणसं. त्यातल्या कितीजणांना बस पकडायची होती कोण जाणे. मी आत पाऊल टाकलं आणि डोळ्यांपुढची तिरीप एकदम गेली. कढईजवळून उठून माजघरात यावं तसं वाटलं.

फक्त एक माणूस बाहेर होता. थांब्याच्या रस्त्याकडच्या कोपऱ्यावर, टळटळीत उन्हात, डोक्याला रुमाल गुंडाळून तो उत्तरेकडं टक लावून बघत होता. आम्ही आत शिरताच तो लगबगीनं आत आला, आणि बाकावरच्या एका बाईनं आम्हाला विचारलं, “तुमच्यातलं शेवटी कोण आलं?”

आम्ही एकमेकांकडं बघितलं.

“न्हाय, शेवटी येईल त्यानं तिथं कोपऱ्यावर उभं ऱ्हायाचं,” ती म्हणाली. “बस दिसली का हात करायचा, आन् आमाला हाळी द्यायाची. दुसरं कोण आलं का तुमी सुटले.”

“पण बाई, आम्हाला बस पकडायची नाही,” मी म्हणाले.

“नका पकडू. सावलीत बसायचं का नाय? मंग पाळी घ्याया पायजे. इथं असंच हाय.”

सय्यद साहेबांनी खिशातून रुमाल काढून डोक्यावर टाकला. “मैं आया शेवटी,” असं म्हणत ते कोपऱ्यावर जाऊन उभे राहिले. मोजमापाला आलेला मुख्य आरेखक बसची वाट बघत उन्हात, आणि त्यांची अनुरेखक सावलीत. मला मिळालेल्या मानांपैकी तो एक.

ती बाई म्हणजे गयाबाई. मोठ्या दवाखान्यात आया होती. पन्नाशीची, काटक, आवाज असा की वॉर्डाच्या या टोकाचं त्या टोकाला जावं. पाळीचा नियम तिनंच घातला होता. थांबा नवा झाला तेव्हा लोक आत बसायचे आणि बस मागच्या मागं निघून जायची. बसवाल्याला भिंतीपलीकडचं माणूस दिसायचं नाही आणि माणसाला बस. मग लोक पुन्हा उन्हात. गयाबाईनं दोन दिवस हे बघितलं आणि कारभार हातात घेतला.

“तुमी का मोजायला आलाय?” तिनं माझ्या हातातल्या टेपकडं बघून विचारलं.

पाडायचा आहे असं सांगताना मला जड गेलं. ती पदरानं तोंड पुसून म्हणाली, “गेल्या उन्हाळ्यात म्या इथंच पडले व्हते. तवा नुसता खांब व्हता. चक्कर आली, फेस आला म्हनं तोंडाला. ज्या स्ट्रेचरवर म्या रोज पेशंट न्हेते, त्याच्यावर मला न्हेलं. डॉक्टर म्हनले, मावशी, दुपारच्या उनात फिरायचं न्हाय, पुन्यांदा पडल्या तर उठायच्या न्हाई.”

“मग सकाळची ड्यूटी मागायची.”

“सकाळची वशिलेवाल्यांला. मला दुपारचीच हाय. छत्री बी घेऊन बघितली. वरून झाकतंय, पर समोरून आन् खालून झळ येती तिला काय करावं?” तिनं भिंतीवर हात ठेवला. “घरात माझाच पगार हाय, बाई. राजीनामा लिहून घेतला व्हता पोराकडून. तेवढ्यात हे झालं. या भिंतीमुळं म्या ड्यूटीवर चालले. हे पाडा आन् मला घरी बसवा.”

तेवढ्यात कोपऱ्यावरून सय्यद साहेबांनी हाळी दिली, “आली, आली! चला!” आणि हात असा केला की जणू बस त्यांनीच मागवली होती. गयाबाई उठून गेली. आम्ही मोजमाप न घेता परत आलो.

दुसऱ्या दिवशी मी निकम साहेबांपुढं उभी राहिले. आधी मी पुठ्ठ्याचा छोटा थांबा करून ऑफिसच्या गच्चीवर उत्तर धरून ठेवला होता, आणि त्यांना वर नेऊन दाखवलं. रस्त्याकडं तोंड केलं तर चारला ऊन बाकापर्यंत येतं. पाठ केली तर आत थेंबभर येत नाही. सकाळी मात्र येतं, पण सकाळचं ऊन कुणाला मारत नाही.

साहेबांनी पुठ्ठ्याचा थांबा दोनदा फिरवून बघितला. “शेळके बाई, मला ऊन कळतं. पण लेखापरीक्षणाला ऊन कळत नाही. नकाशात एक आणि जागेवर दुसरं, म्हणजे चूकच. आणि बस दिसत नाही तो थांबा कसला?”

“लोकांनी उपाय काढलाय, साहेब.” मी पाळीचं सांगितलं.

“म्हणजे एकाला उन्हात उभं करायचं आणि बाकीच्यांनी सावलीत बसायचं. हाच उपाय असेल तर आपण कशाला आहोत?”

बोलणं बिनतोड होतं, आणि बिनतोड बोलण्याचा मला फार राग येतो. मी एवढंच म्हणाले, “पाडायच्या आधी एकदा डोळ्यांनी बघा. भर दुपारी.” गयाबाईचंही सांगितलं. ते म्हणाले, एका बाईसाठी नकाशे बदलत नसतात. पण बघायला यायचं कबूल केलं.

त्यानंतर एका दुपारी आम्ही जीपनं गेलो. साहेब पुढं ड्रायव्हरशेजारी, मी मागं. सय्यद साहेबांना दुसरं काम निघालं होतं. ड्रायव्हरनं जीप थांब्यापुढच्या मैदानात बाभळीखाली लावली. निकम साहेब पुढच्या सीटवरून टुणकन उतरले आणि फाइल काखेत मारून चालू लागले. मागचं दार अडकायचं, ते ढकलून, नकाशाची गुंडाळी, टेप आणि पदर सांभाळत मी त्यांच्या मागून गेले. थांबा तसाच भरलेला होता. कोपऱ्यावर एक म्हातारबाबा उभे होते. आम्ही पोचताच ते सुटकेचा निःश्वास सोडून आत आले आणि पाय पसरून बसले.

साहेब आत येऊन भिंतीला हात लावून बघत होते, तोच गयाबाईनं विचारलं, “साहेब, शेवटी तुमी आलात ना?”

“हो. का?”

“मंग तिथं कोपऱ्यावर ऱ्हावा उभे. बस दिसली का हात करा.”

साहेब हसले. त्यांना गंमत वाटली. पण बाकी कुणी हसलं नाही. सगळी माणसं त्यांच्याकडं बघत होती, आणि म्हातारबाबा तर काळजीनं. कोपरा रिकामा होता. बस येऊन निघून गेली असती तर तेवढ्या सगळ्यांची दुपार वाया. साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, “इथं असाच नियम आहे, साहेब.” गयाबाईनं बाकावर जरा सरकून मला जागा केली. “बाई, तुमी बसा.”

साहेब गेले. मला वाटलं, दोन मिनिटं उभे राहतील आणि जीपकडं जातील. जीप समोर होती, ड्रायव्हर खुणा करत होता. ते गेले नाहीत. याबद्दल त्यांना मी आजही मानते. आधी ते कमरेवर हात ठेवून उभे होते. मग कपाळावर हात आडवा धरला. मग रस्त्याकडं पाठ करून बघितली, पण पाठ केली तर बस कशी दिसणार? डोक्यावर धरायला हातातल्या फाइलशिवाय काही नव्हतं, शेवटी तीच धरली. थांबा पाडायचीच फाइल होती ती. शर्ट पाठीला चिकटला. रस्त्यावरून झळांच्या लाटा उठत होत्या. आणि त्या दिवशी त्यांच्यामागून दुसरं कुणी येईचना.

“कुनी तरी येवा रे,” म्हातारबाबा पुटपुटले. “साहेब भाजून निघाले.”

“येईल की,” गयाबाई म्हणाली आणि पानाची चंची उघडली.

बस आली ती उशिरानं आणि वेगात. साहेबांनी एक हात केला, बस थांबेना. थांबा ओसाड दिसत असणार, नाहीतर फाइल डोक्यावर घेतलेला माणूस ड्रायव्हरला विचित्र वाटला असणार. तसे साहेब दोन्ही हात पसरून रस्त्यात उतरले आणि ओरडले, “अरे थांब! माणसं आहेत आत!”

बस करकचून थांबली. माणसं धावली. गयाबाई शेवटी चढली, दारातून वळून म्हणाली, “साहेब, बसा आता सावलीत. पानी बी हाय माठात.”

निकम साहेब आत आले आणि बाकावर बसले. मी माठातलं पाणी दिलं, ते प्यायले, अजून मागितलं. शेळ्या चरत होत्या. थोड्या वेळानं म्हणाले, “भिंत गरम आहे, पण पोळत नाही.”

“बाहेरून चुना दिला तर अजून कमी तापेल.”

“हं.” मग मान वळवून त्यांनी पाठीमागच्या भिंतीकडं बघितलं आणि बसल्या बसल्या डोळ्यांच्या उंचीला बोटानं एक आडवी रेघ ओढली. “इथं विटांची जाळी सोडली तर? बस दिसेल का?”

“दिसेल. वाराही येईल.”

“आणि त्या बाजूनं माणसं दिसतील?”

“दिसतील, साहेब.”

“काढा मग.”

मी गुंडाळी मांडीवर उलगडली आणि पाडकामासाठी आणलेल्या कागदावर जाळी काढली. लेखापरीक्षणाचं काय, असं मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं, “जागेवरचं नकाशाप्रमाणं नाही ना? मग नकाशा जागेप्रमाणं करू. ‘नमुना दोन’ नाव द्या.”

किसन मिस्तरीलाच जाळी करायला बोलावलं. त्यानं कागद हातात घेतला आणि आधी बाण बघितला. “उत्तर तीच हाय ना? का बदलली मदी?” असं विचारून कामाला लागला. बाक भिंतीपासून वीतभर पुढं घेतला, कारण संध्याकाळी भिंत तापून पाठीला लागायची. बाहेरून पांढरा चुना दिला. त्यानंतर शहरात जिथं थांबा रस्त्याच्या पूर्वेला असेल तिथं नमुना दोन जायचा. सय्यद साहेब त्याला ‘दुपारवाला’ म्हणायचे. पुढं फुटपाथ असो, पाणपोई असो की शाळेपुढची झाडं असोत, नकाशा समोर आला की निकम साहेब आधी कोपऱ्यात बघायचे आणि विचारायचे, “उत्तर कुठंय?” सय्यद साहेबांचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा असायचा.

जाळी झाली तशी पाळी संपली. बसल्या जागी बस दिसायला लागल्यावर कोण उन्हात उभं राहील? बरंच झालं. तरी मला त्या पाळीची कधी कधी आठवण येते. ओळख ना पाळख, आणि एक माणूस सगळ्यांसाठी उन्हात उभा आहे, दुसरा आला की त्याची जागा घेतो आहे, हे मी पुन्हा कुठं पाहिलं नाही.

तो थांबा पुढं रस्ता रुंद झाला तेव्हा गेला, दोन बाभळीही गेल्या. आता तिथं चकचकीत स्टीलचा थांबा आहे, जाहिरातीचा मोठा फलक असलेला, तोंड पश्चिमेला. उन्हाळ्यात लोक फलकाच्या मागं, रस्त्याकडं पाठ करून उभे असतात. ते बघितलं की माझी बोटं शिवशिवतात. पण रडत बसावं असं काही नाही. गयाबाईची सगळी नोकरी त्या जुन्या थांब्यानं निभावून नेली. ती ताठ मानेनं निवृत्त झाली, निरोपाचा नारळ घेऊन त्याच थांब्यावर उतरली. एका बाईसाठी नकाशे बदलत नसतात म्हणाले होते साहेब. बदलले.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा एका जागी माझा हात अडला. जीपमधून आम्ही कसं उतरलो ते लिहीत होते. साहेब पुढून उतरले, मग ते अडकणारं मागचं दार, मग मी. मी ते वाक्य पुन्हा वाचलं. इतकी वर्षं ही गोष्ट मी पन्नास जणांना सांगितली असेल, पण हे कधी ध्यानात आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच गयाबाईकडं गेले. आता ती मुकुंदवाडीतच नातीकडं असते. ऐकायला जरा कमी येतं, त्यामुळं आवाज आणखी मोठा झालाय.

चहा झाल्यावर मी विचारलं, “गयाबाई, त्या दिवशी साहेबांना तुम्ही उन्हात उभं केलंत. पण शेवटी तर मी उतरले होते.”

“व्हय की,” ती म्हणाली. “मला दिसलं व्हतं.”

“मग मला का नाही उभं केलं?”

गयाबाईनं माझ्याकडं असं बघितलं की इतकी वर्षं सरकारी नोकरी करून या बाईला काहीच कसं कळत नाही.

“तुमाला उभं करून काय मिळालं असतं, बाई? फाइल काय तुमच्या काखेत व्हती?”